माथा ते पायथा: डोंगराकडून काय घ्यायचं आणि काय नाही

डोंगरउतार | सोमवार, रात्री 10:15

मंडळी, पुढच्या महिन्यात आमच्या गावची ग्रामसभा आहे. विषय एकच: डोंगरावरचं गायरान पाच वर्षं चराईसाठी बंद करायचं का, आणि केलं तर त्यामुळे खाली जे पाणी वाढेल ते कुणाचं? गाव पुरंदरच्या पूर्व पट्ट्यातलं. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही चार-दोन दणक्यांत पडून जातो. मी पाणलोटाच्या कामात बरीच वर्षं आहे. गावातली तरुण पोरं हल्ली म्हणतात, निसर्ग कसा चालतो ते बघू आणि गावही तसंच चालवू. मला हे मनापासून पटतं. पण नेमकं काय उचलायचं हे ठरवायची वेळ आली की अडायला होतं, म्हणून इथे मांडतोय.

डोंगरानं मला काय शिकवलं ते आधी सांगतो. पाऊस माथ्यावर पडतो तेव्हा पाण्यात जोर नसतो. उतारानं धावायला लागलं की जोर येतो, आणि वेग दुप्पट झाला की माती कापायची ताकद चौपट होते. ओढ्यात उतरेपर्यंत ते कुणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणून काम वरून सुरू करायचं. माथ्यावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर, घळींमध्ये अनघड दगडांचे बांध, मग शेताची बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी ओढ्यातला माती नाला बांध किंवा सिमेंटचा बंधारा. उलटं केलंत, म्हणजे आधी खाली बंधारा बांधलात, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. असे भरलेले बंधारे तालुक्यात कुठेही बघायला मिळतील.

समतल रेषा आखायला आम्ही अजून ए-फ्रेमच वापरतो. तीन काठ्या, एक दोरी, दोरीला दगड. दगड मधल्या खुणेवर ठरला की दोन्ही पायांपाशी फक्की टाकायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा फिरवायचा, परत दगड ठरेपर्यंत थांबायचं. रेषा कधी सरळ येत नाही. डोंगर जसा वळतो तशी ती वळते. नवीन आलेल्या पोरांना ती सरळ करायचा मोह होतो, आणि जिथे सरळ केली तिथेच पहिल्या पावसात चर फुटतो.

आता गावाचं. गावातही मोठा वाद एकदम उभा राहत नाही, तो वरून बारीक धारांनी येतो. कुणाच्या बांधाचा वाद, कुणाला सभेला बोलावलंच नाही, कुठल्या वस्तीवर टँकर उशिरा गेला. हे सगळं एकत्र होऊन ग्रामसभेत उतरतं तेव्हा ते अडवायला कुठलाच बंधारा पुरत नाही. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात एक चांगली रीत होती. आराखडा गटवार, त्या-त्या शेतात उभं राहून करायचा, आणि नवरा-बायको दोघांनाही विचारून करायचा. त्याला सगळे नेट प्लॅनिंग म्हणायचे. वेळखाऊ काम, पण वाद जिथे सुरू होतो तिथेच मुरायचा.

इथपर्यंत डोंगराचा हात धरून येता येतं. पुढे पाणी कुणाचं, या प्रश्नावर डोंगर काय सांगतो? तुमची मतं हवी आहेत. गावातून आलेल्यांची जास्त.

रानवाटा | सोमवार, रात्री 11:02

सुंदर लिहिलंय दादा. ए-फ्रेमचा परिच्छेद वाचून परत डोंगरावर गेल्यासारखं वाटलं.

मी गवताळ रानांवर काम करते, तर माझ्या बाजूची भर घालते. बोडका डोंगर बंद केला की पहिल्या वर्षी काय येतं? कुसळ. जनावर तोंड लावत नाही, कपड्यांना टोचतं, आणि गावकरी म्हणतात यासाठी का रान बंद केलं? पण ते कुसळ माती धरून ठेवतं. त्याच्या आडोशानं मग पवन्या, मारवेल, डोंगरी ही बहुवर्षायू गवतं परततात. मग तरवड, बोर, करवंद. त्या काटेरी जाळ्यांच्या आत, शेळीचं तोंड पोचत नाही तिथे, लिंबाचं किंवा खैराचं रोप वाढतं. झाड सगळ्यात शेवटी येतं. आपल्याकडे मात्र वृक्षारोपणाचा कार्यक्रम म्हणजे पहिल्याच वर्षी खड्डे, रोपं, फोटो. पुढच्या उन्हाळ्यात खड्डे तेवढे शिल्लक राहतात.

गावाच्या बदलालाही अशी पायरी असते असं माझं ठाम मत आहे. पाणीवाटप, जमीन, सामाईक हक्क हे झाडासारखे विषय. त्यांना आधी जमीन तयार लागते. बायकांचा बचत गट, वेळेवर उघडणारं रेशन दुकान, ज्याचा हिशेब भिंतीवर लिहिला जातो असा एखादा छोटा फंड, ही गवतं. दिसायला किरकोळ, पण एकमेकांवरचा विश्वास तीच धरून ठेवतात. ग्रामसभेत पाण्याचा ठराव आणण्याआधी गावानं असा कुठला हिशेब एकत्र सांभाळलाय, ते बघा.

सुपेकर | मंगळवार, सकाळी 7:40

वाचनखूण साठवली. दोघांनाही मनापासून धन्यवाद. आमच्या गावात वृक्षारोपणाचे खड्डे दर वर्षी त्याच जागी खणतात, त्यामुळे रानवाटाताईंचं अगदी पटलं.

टेलचा_शेतकरी | मंगळवार, सकाळी 9:18

माझी शेती कालव्याच्या शेपटाला आहे, म्हणून बोलतो. पाण्याचा स्वभाव काय? जो वर आहे त्याच्या रानात आधी. हेडवाल्याचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्याचा, ऊस भिजतो, मधल्याचा गहू भिजतो आणि टेलवाल्याच्या चारीत बाभळी उगवतात. यात निसर्गाची चूक काही नाही, उतार आहे म्हणून पाणी तिकडे जातं. पण म्हणून आम्ही गप्प बसावं का?

नाशिक जिल्ह्यात ओझरला 1990-91 च्या सुमाराला समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकारानं तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. वाघाड धरणाच्या शेपटाकडचे शेतकरी होते हे. पाणी मोजून घ्यायचं, पाणीपट्टी संस्थेनं गोळा करायची, आणि वाटप शेपटाकडून सुरू करायचं. आधी टेल, मग वर वर येत हेड. पुढे सगळ्या वाघाड प्रकल्पावर संस्था झाल्या आणि त्यांचा महासंघ झाला. 2005 मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्याचा कायदा आला, त्याच्या मागे या अनुभवाचं वजन होतं.

तेव्हा डोंगरउतारदादा, चर वरून खाली खणा, पण पाळी खालून वर लावा. काम निसर्गाच्या क्रमानं आणि वाटप त्याच्या उलट क्रमानं.

निळी_शाई | मंगळवार, दुपारी 1:30

धागा मनापासून आवडला, म्हणूनच हरकतही मनापासून नोंदवते.

'निसर्गाकडून शिकून समाज घडवू' हे वाक्य ऐकलं की मी सावध होते, कारण आमच्या लोकांवर ते आधी वापरून झालंय. हाताची पाच बोटं सारखी नसतात, हे वाक्य आमच्या आज्यानं किती वेळा ऐकलं असेल. जंगलात वाघ वाघाच्या जागी आणि हरिण हरणाच्या जागी, तसं गावात प्रत्येक जण आपापल्या जागी. एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सरनं 'जो तगेल तो लायक' हे सूत्र मांडलं आणि गरिबांना मदत करणं म्हणजे निसर्गात ढवळाढवळ, असं म्हणायला भल्याभल्यांना आधार मिळाला.

आपल्याकडचंच उदाहरण देते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1983 मध्ये जातिव्यवस्थेकडे परिसरशास्त्राच्या नजरेनं बघणारा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा त्यांचा अभ्यास बारकाईचा होता. एकाच मुलखात फासेपारधी फासे लावून हरणं आणि पाखरं धरायचे, नंदीवाले कुत्री घेऊन शिकार करायचे, वैदू लहान प्राण्यांना सापळे लावायचे. प्रत्येकाचं साधन वेगळं, म्हणून स्पर्धा कमी, आणि म्हणून साधनसंपत्ती टिकली. निरीक्षण म्हणून हे मोलाचं आहे आणि गाडगीळांचा हेतू जातीचं समर्थन करण्याचा नव्हता. पण वाचणारा त्यातून काय उचलेल? रानातल्या प्रजातीला आपली जागा सोडता येत नाही. माणसाला सोडता येते, आणि ती सोडू नये म्हणून जातीला दंडुका लागला. ज्याला टिकवायला दंडुका लागतो त्याला निसर्ग म्हणू नये.

महाडच्या चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांसाठी सारखंच होतं. गाई-म्हशी पीत होत्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये झाला, महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, तरी ओंजळभर पाणी घ्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्यानंतरही कोर्टकचेरी 1937 पर्यंत चालली. हा बदल कुठल्या डोंगराकडे बघून आला नाही. माणसांनी ठरवलं म्हणून आला.

तुमच्या ग्रामसभेत पाणी कुणाचं हे ठरवताना डोंगराला विचारू नका. दलित वस्तीला विचारा. ती बहुतेक ठिकाणी ओढ्याच्या खालच्या अंगाला असते आणि तिच्या नावावर विहीर नसते.

डोंगरउतार | मंगळवार, रात्री 9:50

@निळी_शाई, ताई, तुम्ही मांडलेला फरक माझ्या तालुक्यात कुणीतरी कामातून आधीच दाखवून ठेवलाय. तो सांगतो.

1972 च्या दुष्काळात पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदरात आले. खडी फोडायच्या कामावर हजारो माणसं होती. ते सोडून त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळरान जमीन कसायला घेतली. चर, ताली, पाझर तलाव, खाली विहीर, असं पाणी अडवत माळाचं शेत केलं. तिथपर्यंतचं सगळं डोंगराकडून शिकलेलं. पाण्याचा साठा ठरलेला आहे, तो वाढवायला मर्यादा आहे, तेव्हा त्यात बसेल तेवढंच पीक घ्यायचं.

पण वाटपाचा नियम त्यांनी डोंगराकडून घेतला नाही. त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीचे नियम बघा. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीसोबत जात नाही, तो गटाकडे परत येतो. ऊस बंद. योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा सभासदांनी उचलायचा. आणि ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. ही शेवटची अट आजही लोकांना कडू लागते. भूमिहीन माणूस पाणी घेऊन काय करणार, असं मला सभेत विचारतात. तो कुणाची जमीन वाट्यानं करेल आणि पाणी स्वतःचं घालेल. मग मालकासमोर बसताना त्याच्या हातात काहीतरी असेल. एवढं उत्तर मी देतो.

पुढे सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली तीही याच मुद्द्यावर. येरळा नदीवर तांदूळवाडीला लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तिथेही भूमिहीनांचा पाण्यावर हक्क धरलेला होता.

पांझराकाठ | बुधवार, सकाळी 8:05

साक्रीकडून नमस्कार. कुणी फड पद्धतीचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. मला वाटतं, तुम्ही दोघं ज्या दोन गोष्टी वेगळ्या करताय त्या आमच्या जुन्या लोकांनी एकाच व्यवस्थेत बसवल्या होत्या.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन बहुधा तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात दोन हंगामांचं पीक, तिसऱ्यात एका हंगामाचं, एक फड पडीक. दर वर्षी पाळी फिरती. उसाखालची जमीन पुढे विसावते, कस राहतो. हे झालं मातीकडून शिकलेलं.

आता खरी गंमत. प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला की सगळ्यांचं पाणी थोडं थोडं कापत बसायचं नाही, एखादा फडच त्या वर्षी भिजवायचा नाही. प्रत्येकाची पट्टी त्यात आहे, तेव्हा तोटाही प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या प्रमाणात. तक्रार करायला जागाच उरत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. शेतकऱ्यानं स्वतः बारं फोडायचं नाही, म्हणजे पाटाचं पाणी आपल्या रानात वळवायचं नाही. पाटकऱ्याचा मोबदला पिकातून.

बारीक बघा, सुगीची वाटणी कुठलंही गाव करतं. तुटीची वाटणी आधी ठरवून ठेवणारी गावं फार थोडी. पुढे वर धरणं झाली, रानोरान विहिरी आणि मोटारी आल्या. ज्याच्याकडे स्वतःचं पाणी आलं त्याला फडाची गरज उरली नाही. काही बंधाऱ्यांवर अजून थोडंफार चालतं. ज्याला बघायचंय त्यानं यावं, मी सोबत येईन.

मुरूम | बुधवार, सकाळी 11:26

पांझराकाठकाका, फार मोलाची माहिती. फड का मोडला याचं तुम्ही दिलेलं कारण भूजलवाल्यांनी वहीत लिहून ठेवावं असं आहे.

मी भूजलात काम करतो. आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर आहे. या दगडात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि भेगांमध्ये. ही साठवण लहान आणि उथळ. चांगल्या पावसात भरते, उन्हाळ्यात उपसून संपते. त्यामुळे पाणी अडवून वाढलं तरी नवी बोअर पाडणाऱ्या दोघा-चौघांत ते संपतं. माथा ते पायथा काम करून पुढच्या पाच वर्षांत पुन्हा टँकर लागलेली गावं मी बघितली आहेत. चर उत्तम होते. उपशावर नियम नव्हता.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला नाव मिळालं ते झाडांमुळे, पण टिकलं ते नियमांमुळे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. दर वर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाऊस कमी असेल तर आधी पिण्याचं, मग जनावरांचं, उरलं तर दुसरं पीक. तुटीची वाटणी ठरवून ठेवली म्हणायची ती हीच.

दुसरं, रानवाटाताईंच्या पायऱ्यांबद्दल. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेत चांगली कामंही झाली, पण अनेक ठिकाणी सगळा भर नाला खोलीकरणावर गेला. पोकलेन लावला की चार दिवसांत काम दिसतं, मोजमाप सोपं, बिल सोपं. माथ्यावरचा चर कुणाला दिसत नाही. खोली वाढवताना मुरूम काढून खालचा पाषाण उघडा पाडला, की शेजारच्या विहिरींचं मुरलेलं पाणी उलट नाल्यात येऊन वाहून जातं. 2020 मध्ये कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेच्या, अहवालानं योजनेवर बोट ठेवलं, साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फार यश आलं नाही म्हणून. घाई केली की आधी क्रम सुटतो. मशीन माथ्यावर चढत नाही, म्हणून माथा राहून जातो.

वाड्यावरची | बुधवार, रात्री 10:40

सगळे प्रतिसाद वाचले. आता आमचंही ऐका.

माझे आई-वडील मेंढरं राखायचे. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडावर परत माळावर यायचं. एका वर्षी परत आलो तर डोंगराला चराईबंदी. पाटी लागली होती, दंडाची रक्कम लिहिलेली होती. ठराव ज्या सभेत झाला त्या दिवशी आम्ही दोन जिल्हे पलीकडे वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर होतो. आईनं बकऱ्या विकल्या. बकरी म्हणजे तिची स्वतःची पेटी होती, तिच्यातून माझ्या शाळेचे पैसे निघायचे. वडिलांनी मेंढरं कमी केली. तीन-चार वर्षांनी डोंगर हिरवा झाला हे खरं आहे, मी खोटं बोलणार नाही. खालच्या विहिरी मेपर्यंत टिकायला लागल्या हेही खरं. पण त्या विहिरी आमच्या नव्हत्या. डाळिंबाच्या बागा झाल्या त्या आमच्या नव्हत्या. त्या बागांमध्ये आई रोजानं खुरपायला गेली.

म्हणजे माथ्यावरच्या माणसानं सोडलं आणि पायथ्याच्या माणसाला मिळालं. माथा ते पायथा म्हणताना कामाचा क्रम सांगता, खर्चाचा क्रम कोण सांगणार?

आणि रानवाटाताई, तुम्हाला हे माहीत असेलच, पण इथल्या पोरांसाठी लिहिते. चराई म्हणजे नुकसानच, हे डोंगरानं सांगितलेलं नाही. ते माणसांनी ठरवलंय. दख्खनचं माळरान जनावरांच्या तोंडाखालीच वाढत आलंय. मेंढरं बसवलेल्या रानाला लेंड्या मिळतात, शेतकरी त्यासाठी धान्य देऊन कळप बसवून घेतो. कळप एका जागी राहिला की माळ उजाड होतो, फिरता राहिला की होत नाही. फिरणं हाही निसर्गाचा नमुनाच आहे. तो मात्र कुणी शिकायला येत नाही.

रानवाटा | बुधवार, रात्री 11:31

@वाड्यावरची, ताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. पूर्ण बंद ठेवलेल्या गवताळ रानात काही वर्षांनी वाळलेल्या गवताचा थर साचतो, नवे कोंब दबतात आणि वणव्याची भीती वाढते. डोंगराचे तीन तुकडे करून एक बंद, दोन खुले, आणि बंद तुकडा फिरता ठेवणं आमच्या अभ्यासातही चांगलंच ठरेल. बंद तुकड्यातून गवत कापून न्यायचं. अगदी उघड्या पडलेल्या, घळींनी फाटलेल्या तुकड्याला मात्र दोन-तीन पावसाळे सलग विश्रांती हवी. सुरुवात त्याच्यापासून करावी.

टेलचा_शेतकरी | गुरुवार, सकाळी 8:50

वाड्यावरच्या ताईंचं वाचून हरियाणातलं सुखोमाजरी आठवलं. चंडीगडचा सुखना तलाव गाळानं भरत होता, गाळ कुठून येतो हे शोधत लोक 1970 च्या दशकात शिवालिकच्या पायथ्याच्या या गावात पोचले. डोंगर चरून उघडा पडला होता. मिश्रा नावाच्या अधिकाऱ्यांनी छोटी धरणं बांधली, पण शेळ्या काही थांबेनात. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी का थांबवाव्यात? मग ठरलं की धरणाच्या पाण्यात गावातल्या प्रत्येक घराचा वाटा, जमीन असो वा नसो. ज्याला नको त्यानं आपला वाटा दुसऱ्याला विकावा. डोंगरावरच्या भाभर गवताचा हक्कही गावाला. त्यानंतर काटेरी कुंपणाची गरज पडली नाही, लोकांनीच राखण केली.

गोदेपल्याड | गुरुवार, दुपारी 3:15

गडचिरोलीत काही वर्षं राहिलो आहे, म्हणून फक्त निर्णयाच्या पद्धतीबद्दल.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे माहीत आहे. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे दोन गोष्टी चालत होत्या. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकाची जरी हरकत असेल तर विषय पुढच्या बैठकीला. आणि ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट. त्यात कुणीही बसावं, बाहेरचा जाणकारही बोलवावा, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. फक्त समजून घ्यायचं. मोहोळ न मारता मध कसा काढायचा इथपासून बांबूचा हिशेब कसा ठेवायचा इथपर्यंत.

बाहेरून बघणाऱ्याला हे फार संथ वाटतं. पण बहुमतानं चराईबंदी केली तर मेंढपाळांची चार घरं कायम हरणार. सर्वसहमतीत त्या चार घरांना थांबवायचा हक्क मिळतो, आणि मग बाकीच्यांना त्यांच्याशी बोलावंच लागतं. डोंगरउतारदादा, एका सभेत ठराव उरकू नका. आधी अभ्यासगटाच्या बैठका घ्या, आणि वाड्यावरची माणसं गावात असतील त्या दिवसांत घ्या.

निळी_शाई | गुरुवार, संध्याकाळी 6:22

वाड्यावरच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं असं आहे.

या धाग्यावर एका माणसाचं नाव यायलाच हवं म्हणून परत आले. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरच्या पानाफुलांचं, कुजलेल्या जीवजंतूंचं सत्त्व वळवाच्या पाण्याबरोबर शेतात कसं यायचं आणि आता नदीनाल्यांतून कसं वाहून जातं, हे त्यात आहे. उपायही आहे: सरकारनं पलटणीतले आणि पोलिसातले शिपाई कामाला लावून जागोजाग ताली-बंधारे बांधावेत, म्हणजे पाणी शेतांत मुरून मग नदीला मिळेल. पाणलोट हा शब्द सरकारी फायलीत यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आणि याच माणसानं त्याआधी, 1868 मध्ये, स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता.

पाणी मुरतं कसं हे त्यांनी डोंगराकडे बघून समजून घेतलं. हौद कुणाचा हे ठरवायला ते डोंगराकडे गेले नाहीत. माझं म्हणणं एवढंच होतं.

डोंगरउतार | शुक्रवार, रात्री 9:05

तुम्हा सगळ्यांचं ऋण आहे. काल आणि आज गावातल्या पोरांना हा धागा वाचून दाखवला. मसुदा बदलतोय. सध्या असा आहे:

डोंगराचे तीन भाग. पूर्वेची फाटलेली बाजू तीन पावसाळे पूर्ण बंद, बाकी दोन भाग मेंढपाळांशी बसून ठरेल तसे फिरते. बंद भागातलं गवत कापायचा पहिला हक्क ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांचा. पाण्याचा वाटा माणशी, भूमिहीनांसह. शेतीसाठी नवी बोअर नाही. दसऱ्याला विहिरींची पातळी मोजून ताळेबंद, आणि कमी पावसाच्या वर्षी काय बंद राहील हे आत्ताच लिहून ठेवायचं. कामाची सुरुवात माथ्यापासून, पाण्याची पाळी खालच्या वस्तीपासून.

बागायतदार विरोध करणार हे दिसतंय. दोघं-तिघं आजच येऊन गेले. त्यांचं म्हणणं, विहीर आमची, वीजबिल आमचं, मग वाटा कसला? त्यांनाही अभ्यासगटात बसवतोय.

पाणी पंचायतीच्या जुन्या करारनाम्याची प्रत कुणाकडे आहे का? भूमिहीनाचा वाटा कागदावर कसा लिहायचा, हे कुणी बघितलं असेल तर सांगा.

टेलचा_शेतकरी | शुक्रवार, रात्री 9:48

करारनामा नाही, पण आमच्या संस्थेची नियमावली आहे. पाळीपत्रक आणि दंडाची कलमं त्यातून घेता येतील. व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. एक बघा: वाटा घराच्या नावानं लिहू नका, माणसाच्या नावानं लिहा. घराच्या नावानं लिहिला की तो कर्त्या पुरुषाचा होतो, आणि भावाभावांत वाटणी झाली की भांडण संस्थेच्या दारात येतं.

वाड्यावरची | शुक्रवार, रात्री 10:20

दादा, मसुदा चांगला आहे. दोन गोष्टी घाला.

दंड ठरवाल तेव्हा मेंढराचा आणि मोटारीचा दंड एकाच ठरावात लिहा. आमच्याकडे मेंढरू आत गेलं तर त्याच दिवशी दंड वसूल व्हायचा, आणि नियम मोडून मोटार चालवणाऱ्याला नुसती समज.

दुसरं, ग्रामसभेची तारीख. पुढच्या महिन्यात म्हणालात. तुमच्याकडचे वाडे बाहेर पडले असतील तर आत्ता सभा घेऊ नका. जून लागला की सगळे परत येतात. पहिला चांगला पाऊस झाल्यावर आठवडाभरात तारीख धरा, आणि निरोप मोबाईलवर पाठवून थांबू नका, वाड्यावर माणूस पाठवा. मी येते.